तय्यबनी पाहिलेलं बोलोन्या

शुक्रवार, १ सप्टेंबर २०००
रास अल खैमा

इद्दत काल संपली. नवरा गेल्यावर बाईने चार महिने आणि वर दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, ते पाळलं. आज सकाळी बाहेर पडले ती कचऱ्याची पिशवी टाकायला. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा पठाण भेटला. त्याने मान खाली घातली. खाली ऊन होतं, मांजरं होती, बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या होत्या. बाहेर पडल्यावर काहीतरी वाटेल अशी माझी समजूत होती. काही वाटलं नाही. वर येऊन पंखे पुसले.

दुपारी शेजारची मरियमबी सांदणं घेऊन आली. ती श्रीवर्धनची, नवऱ्याचं खाली किराणा दुकान आहे. मला मिठी मारायला निघाली होती. मी ताट पुढे केलं.

सोमवार, ११ सप्टेंबर

शाळेत हजर झाले. स्टाफरूममध्ये मी शिरल्यावर बोलणं थांबलं. मी म्हटलं, चालू द्या. चालू झालं नाही. आठवी ब ला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारली, एकालाही आली नाहीत. बदली शिक्षिकेने उन्हाळ्याआधी काय शिकवलं कोण जाणे. उद्या चाचणी घेणार आहे.

संध्याकाळी भिकाजी आला. तय्यब टाइल्सच्या कारखान्यात भट्टीचे फोरमन होते आणि भिकाजी सावंत त्यांच्या हाताखाली. मालवणकडचा माणूस. एप्रिलमध्ये तय्यब कारखान्याच्या पार्किंगमध्ये पडले तेव्हा उचलायला पहिला हाच धावला होता. तेव्हापासून माझ्यासमोर नीट बसत नाही, खुर्चीच्या कडेवर टेकतो.

"भाभी, शेठनी निरोप दिलाय. इटलीची तुम्हा दोघांची तिकिटं रद्द करायची नाहीत. तय्यबभाईंच्या वीस वर्षांच्या नोकरीची बक्षिशी आहे ती. तुम्ही जायचं. बरोबर मुलीला न्या."

"मी कशाला जाऊ?"

"शहर बघायला."

"तुम्ही जाता ना दरवर्षी त्यांच्याबरोबर? मग सांगा, काय बघण्यासारखं आहे?"

भिकाजीने कपात बघितलं. "तय्यबभाई सांगायचे तेच," म्हणाला, आणि कढत चहा एका घोटात संपवून निघून गेला.

बोलोन्या शहरात दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास टाइल्सचं मोठं प्रदर्शन भरतं. त्र्याण्णवपासून कारखाना तय्यबना पाठवत होता. पहिल्या वर्षी ते परत आले तेव्हा मी विचारलं, काय पाहिलंत? म्हणाले, टाइल्स. मी म्हटलं, नऊशे वर्षांचं विद्यापीठ ज्या गावात आहे तिथे जाऊन तुम्ही टाइल्स पाहून आलात? इतिहास घेऊन बी.ए. झालेली बायको घरात आहे, तिला सांगायला एक गोष्ट नाही तुमच्याजवळ? तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्याचा उपयोग झाला. पुढच्या वर्षापासून व्यवस्थित बघून यायला लागले. परतल्यावर जेवण झालं की स्वतःहून सांगायला बसायचे. दोन उंच मनोरे, जुळ्या बहिणींसारखे, अगदी एका मापाचे, अलिफ अक्षरासारखे सरळ. चौकातलं मोठं चर्च नखशिखांत पांढऱ्या संगमरवराचं, दुपारी त्याच्याकडे बघवत नाही. समुद्रदेवाचं कारंजं, त्याला घोड्यांची जोडी. रस्त्यांवर छपरं, त्यामुळे पावसात छत्री लागत नाही. माणसाला थोडं वळण लावलं की लागतं.

बुधवार, २० सप्टेंबर

व्हिसा झाला. तस्नीम दुबईहून आली, तिथल्या बँकेत आहे. माझं कपाट उघडून म्हणाली, "अम्मी, यू डोन्ट ओन अ सिंगल वॉर्म थिंग." तिच्याच पैशाने कोट आणला होता. काळा मागवला होता, तिने करडा आणला.

मरियमबी बसली होती. ती म्हणाली, "टीचर, जाऊन नीट बघून या हां. आमचे हे म्हणायचे, तय्यबभाई दरवर्षी त्या गावाला नुसत्या टाइल्ससाठी जात नसणार. तिथल्या बायका टाइल्सपेक्षा गुळगुळीत असतात म्हणे!" आणि स्वतःच हसली. मग तोंडावर हात ठेवला.

तस्नीम म्हणाली, "आंटी!"

मी म्हटलं, चहा घे, गार होतोय.

गुरुवार, २८ सप्टेंबर

दुबईहून विमान. शेजारच्या सीटवर तस्नीम झोपली. मी चाचणीचे पेपर तपासले. आठवी ब चा निकाल वाईट आहे.

शुक्रवार, २९ सप्टेंबर
बोलोन्या

मिलानहून आगगाडीने आलो. तीन तास सपाट शेतं. खोली शहराच्या मध्यावर आहे, खिडकीतून लालसर भिंत दिसते. सगळं शहरच लाल-तांबूस आहे, आमच्या रत्नागिरीच्या चिऱ्यासारखं. तस्नीमला तसं सांगितलं. ती म्हणाली, "चिरा म्हणजे काय?" हिला कोकणात पुरेसं नेलं नाही.

रस्त्यांना खरोखर छपरं आहेत. दोन्ही बाजूंनी कमानीच कमानी, वर घरांचे मजले, खाली चालणाऱ्यांसाठी सावली. पूर्वी विद्यार्थी फार आले, जागा कमी पडली, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले, असं माहितीच्या पाटीवर लिहिलं आहे. संध्याकाळी पाऊस आला. आम्ही कोरड्या राहिलो. पेपर तपासावा तशी तय्यबच्या सांगण्यावर खूण करून ठेवते.

तय्यब : बरोबर.

जेवणाची अडचण. दुकानादुकानात डुकराच्या मांसाचे मोठमोठे लोळे टांगलेले. या शहराची ख्याती त्यावरच आहे म्हणे. तय्यब सात वर्षं इथे काय खात होते, हे मी कधी विचारलं नव्हतं असं लक्षात आलं. खजूर आणि ब्रेड खाल्ला.

शनिवार, ३० सप्टेंबर

सकाळी मनोरे पाहायला गेलो. गल्ली संपली आणि ते समोर आले. मी आधी एकच पाहिला. मग शेजारचा दिसला.

त्यांची मापं एक नाहीत. एक आभाळात गेलेला, दुसरा त्याच्या निम्म्याच्याही खाली. आणि तो बुटका इतका कललेला आहे की त्याच्या पायथ्याशी उभं राहिलेलं माणूस आपोआप बाजूला होतं. उंचही जरा कललेलाच आहे. सरळ एकही नाही. हे लांबून, जवळून, कुठूनही दिसतं. पाहिलेल्या माणसाची यात चूक होणं शक्य नाही.

"जुळ्या बहिणी," तस्नीम म्हणाली. तिलाही ते पाठ होतं. लहानपणी, म्हणजे कॉलेजात असताना, त्यांच्या मांडीला टेकून ऐकायची. "अम्मी, मे बी ही मेन्ट..."

"काय मेन्ट?"

ती पुढे चालू लागली.

मग मोठा चौक, मोठं चर्च. खालचा तिसरा हिस्सा संगमरवरी आहे. त्याच्यावर उघडी वीट, खरबरीत, काळपट. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी काम सुरू केलं, मग पैसे संपले की पोपचं मन बदललं, ते अर्धंच राहिलं. एखाद्या बाईने अर्धं लुगडं नेसून दारात उभं राहावं तसं ते चर्च उभं आहे. ऊन स्वच्छ होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. बघवत होतं.

तय्यब : चूक. चूक.

रविवार, १ ऑक्टोबर

कारंजं पाहिलं. समुद्रदेव आहे, हातात त्रिशूळ आहे. घोडे नाहीत. खाली चारी कोपऱ्यांना चार बायका आहेत, अंगावर चिंधी नाही, आपले स्तन हातांनी धरून बसलेल्या, आणि त्यांतून पाणी उडतं. भर चौकात. बापाचं बोट धरून आलेली पोरं बघत होती. मी तस्नीमला म्हटलं, चल. ती म्हणाली, "अम्मी, आय ॲम ट्वेंटी-सिक्स."

हे तय्यबनी पाहिलं असतं तर मला सांगितलं नसतं, हे मान्य. पण मग घोडे कुठून आले?

दुपारी पुन्हा त्या अर्ध्या चर्चमध्ये गेले, एकटीच. आत फरशीवर पितळेची एक लांब पट्टी बसवलेली आहे आणि वर छताला भोक. सूर्य माथ्यावर आला की त्या भोकातून पडलेला उन्हाचा ठिपका पट्टीवर येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या एका प्राध्यापकाने हे गणित बसवलं. मी उभी राहिले. एक वाजून गेल्यावर ठिपका आला, पट्टीवरून गेला, पुढे सरकला. मला जरा बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे होणारी एक गोष्ट या गावात आहे.

बाहेर आले तर तस्नीम पायऱ्यांवर बसून होती. म्हणाली, "अम्मी, अब्बा इथे कधी आलेच नव्हते."

"सात वेळा आले. पासपोर्टवर शिक्के आहेत."

"बोलोन्याला आले असतील. इथे, ह्या चौकात, नाही आले. यू नो दॅट. मग संध्याकाळी ते कुठे असायचे?"

मी तिला म्हटलं, उठ, दगड गार आहे.

मनात आलं ते लिहून ठेवते. माणूस सात वर्षं एका शहरात जातो. शहर बघत नाही. परत येऊन बायकोला शहराचं वर्णन करतो, आणि तेही न विचारता, जेवण झाल्याबरोबर, रंगवून. माझ्या वर्गातला मुलगा न विचारता उत्तर द्यायला लागला की मी त्याचं दप्तर तपासते. दरवेळी काहीतरी सापडतं.

मरियमबीचं हसणं आठवलं. कोट चांगला आहे, ऊब देतो.

सोमवार, २ ऑक्टोबर

प्रदर्शनाला गेले. भिकाजी आणि कारखान्याची माणसं आली आहेत. हॉल शहराबाहेर आहेत, आमच्या विमानतळाएवढे. जिकडेतिकडे टाइल्स. तस्नीमने विचारलं, काय बघायचंय इथे? मी सांगितलं, अब्बांची कामाची जागा. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या कारखान्याच्या स्टॉलला लागूनच एका इटालियन कंपनीचा स्टॉल आहे, टाइलवर भाजण्याआधी जो रंग आणि चकाकी चढवतात त्याची. तिथे एक बाई होती. पन्नाशीची, भरलेली, नखं लालभडक. भिकाजीने मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, ही तय्यबची मिसेस. बाईने एकदम माझे दोन्ही हात धरले. "तय्याब! तय्याब!" आणि रडायला लागली. लाज नाही, लोक बघताहेत याचं भान नाही. डोळ्यांतलं काळं गालांवर आलं.

"शी सेज, ही सॅट हियर एव्हरी इव्हनिंग," तस्नीम म्हणाली. तिचाच आवाज बदलला होता. "एव्हरी सिंगल इव्हनिंग, अम्मी. ह्या खुर्चीवर."

खुर्ची पाहिली. पांढऱ्या प्लॅस्टिकची.

मी हात सोडवून घेतले. नवऱ्यासाठी इद्दत मी पाळली, साधे कपडे मी घातले, आणि रडत होती ही. मी बाहेर आले. तस्नीम मागून हाका मारत होती. परतीची बस लगेच मिळाली. ती मागच्या बसने आली.

दुपारी भूक लागली होती. जेवले. मग विद्यापीठाची जुनी इमारत पाहिली, कारण आज ती पाहायची असं ठरलं होतं. भिंती आणि छत जुन्या विद्यार्थ्यांच्या घराण्यांच्या ढाल-चिन्हांनी भरलेलं. एक लाकडी खोली आहे, मध्ये संगमरवरी टेबल, त्यावर प्रेतं चिरून शिकवायचे. विद्यार्थी चहूकडून चढत्या बाकांवर बसून बघायचे. अध्यापकाच्या आसनाच्या दोन बाजूंना दोन लाकडी माणसं कोरलेली आहेत, कातडी सोललेली, आतले स्नायू दिसणारी. एकेक धागा कोरलेला. चांगलं काम आहे. तस्नीमला बघवलं नाही. मी शांतपणे पाहिलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सकाळी हॉटेलखालच्या कमानीत भिकाजी उभा होता. कधीपासून कोण जाणे. मी म्हटलं, वर या. नको म्हणाला. शेजारच्या दुकानात बसलो. तस्नीमने चहा मागवला, तो कोमट पाण्यात पिशवी असा आला.

"भाभी, काल तुम्ही उठून आलात. बाई घाबरली. मला विचारते, आय से समथिंग बॅड?"

"तुमची कोण ती?"

"फ्रांका? माझी कोण असणार! रंग विकते. आजी आहे ती, दोन नातवंडं. नवरा मागेच कॉफी करत होता. टकला. तुमचं लक्ष नव्हतं."

टकला माणूस पाहिल्याचं आठवलं. मला तो नोकर वाटला होता.

"रोज संध्याकाळी तिच्याकडे बसून काय करायचे?"

भिकाजीने तस्नीमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाभी, खोटा कशाक सांगू? आम्ही ह्या शहरात राहतच नाही. इथली हॉटेलं शेठ लोकांना. आम्ही तासाभरावर, मशीनवाल्यांच्या गावात. काळोखात बस, दिवसभर हॉलमध्ये उभं, काळोखात परत. मग तिथे त्यांची नवी भट्टी बघायची. हॉल बंद झाल्यापासून बस येईपर्यंत काय तो वेळ. ह्या मनोऱ्यांचं म्हणाल तर इतक्या वर्षांत मी पण ते काल बघितले, बसच्या काचेतून."

"आणि ते?"

"ते त्या वेळात स्टॉल फिरायचे. गोरा माणूस दिसला की धरायचे. टेल मी वन थिंग ऑफ युवर सिटी. माय वाइफ इज हिस्टरी टीचर, शी विल आस्क. माणसं हसायची, भाभी. कोणी खरं सांगायचा, कोणी मस्करी करायचा. हा भट्टीवाला माणूस, त्याला काय कळणार! एक स्पेनचा होता, त्याने घोडे सांगितले. मी म्हटलं, तय्यबभाई, हा स्वतःच इथला नाही. तर म्हणे, असू दे, घोडे चांगले आहेत. फ्रांकाच तेवढी नीट सांगायची, छपराच्या रस्त्याचं तिनेच सांगितलं. मग बसमध्ये मला सगळं म्हणून दाखवायचे. एकदा नाही, चार-चारदा. मी म्हणायचो, परीक्षा आहे काय? म्हणायचे, हो. ओरल."

तस्नीम हसायला लागली, मग तिने टिश्यू पेपर घेतला.

मी विचारलं, "मग मला सरळ का नाही सांगितलं, की वेळ मिळत नाही, शहर पाहिलं नाही?"

भिकाजी म्हणाला, "भाभी, चहा गार होतोय."

तो आधीच गार होता. इतका खटाटोप कशासाठी केला, ते मला समजलेलं नाही. मी काही खाऊन टाकणार नव्हते.

हॉलवर गेले. फ्रांकाला गुड मॉर्निंग म्हटलं. तिच्या टकल्या नवऱ्यालाही म्हटलं. तिने मला त्या पांढऱ्या खुर्चीवर बसवलं. तस्नीमला मधे घेऊन बोलली. गेल्या वर्षी तय्यबनी तिला नेहमीसारखं 'वन थिंग' विचारलं नाही. म्हणाले, पुढच्या वर्षी बायको येणार आहे, शिकलेली आहे, कडक आहे, तिला पहिल्यांदा कुठे नेऊ? ती चिडणार नाही असं काहीतरी सांग. फ्रांकाने सांगितलं, कारंज्याजवळच्या जुन्या वाड्याखालची कमान. चार खांब, चार कोपरे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि हळू बोलायचं. मधून माणसं गेली, गाड्या गेल्या, तरी एकाचं दुसऱ्याला ऐकू जातं. पूर्वी महारोग्यांना पाद्री असे लांबून पापं कबूल करायला लावत, असं ती म्हणाली. ऐकीव असावं.

हे तय्यबनी मला सांगितलं नव्हतं.

दुपारी गेलो. तस्नीम एका कोपऱ्यात, मी समोरच्या. भिंत जुनी, विटेची, लोकांच्या श्वासांनी काळी झालेली. वर्गातल्या शिक्षा केलेल्या मुलासारखं नाक भिंतीला लावून उभं राहायचं. मागून लोक जात होते.

"अम्मी?"

कानाशी आली. जणू खांद्यावर हनुवटी ठेवून बोलते आहे.

"येतंय ऐकू. ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये. अम्मी, काहीतरी बोल ना."

"काय बोलू?"

"एनीथिंग. अब्बांशी बोलली असतीस ते."

मी विचार केला. मी म्हटलं, "जेवलात का?"

पलीकडून तिचा श्वास तेवढा येत होता, ओढल्यासारखा, नाक चोंदल्यासारखा. दगडावर बसू नकोस म्हणून परवा सांगितलं होतं, ऐकत नाही. खोलीवर आल्यावर तिला सर्दीची गोळी दिली. तिने ती घेतलीही. मग माझ्या पलंगावर येऊन झोपली. पाय अजून लहानपणासारखेच पोटाशी घेते.

बुधवार, ४ ऑक्टोबर

परतीचा प्रवास. विमान उशिरा. पेपर तपासून संपले होते, त्यामुळे काही केलं नाही.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
रास अल खैमा

घरात धूळ. कारखान्यापलीकडच्या डोंगरातून येते, खिडक्या कितीही लावा. पुसून काढली. तस्नीम काल दुबईला गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "अम्मी, दर गुरुवारी येईन." मी म्हटलं, पेट्रोल जळेल. म्हणाली, "लेट इट." बरं म्हटलं.

जुम्म्याच्या नमाजानंतर इमारतीतल्या बायका आल्या. मरियमबी, तिची सून सायमा, आणखी तीन-चार जणी. प्रवासाहून आलं की असं बसावं लागतं, ऐकायला येतात. मी सांगितलं, आगगाडी, थंडी, कमानी. बायका हं हं करत होत्या. मला रंगवून सांगता येत नाही. तय्यब सांगायला बसले की याच बायका दाराआड उभ्या राहून ऐकायच्या, हे मला ठाऊक होतं.

मरियमबी म्हणाली, "ते पावाचं खरं आहे का, टीचर?"

"कसलं पावाचं?"

"तय्यबभाईंनी आमच्या ह्यांना दुकानात सांगितलेलं. तिथे म्हणे दुपारची घंटा झाली की बेकरीवाले दारात येऊन उभे राहतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला, ओळख ना देख, गरम पाव देतात हातात. परक्या माणसाला आधी. आमचे हे अजून सांगतात गिऱ्हाइकांना."

हे मी ऐकलेलं नव्हतं. मला सांगितलंच नव्हतं, मी पुरावा मागितला असता म्हणून असेल.

सायमा हसली. "अम्मा, काहीही! युरोपात कोण फुकट देतं? तय्यबचाचांनी गंमत केली असणार. टीचर, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही खोटं चालवून घेत नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मरियमबीचा चेहरा उतरायला लागला होता. तिच्या नवऱ्याने दुकानात किती जणांना सांगितलं असेल ते.

बोलोन्यात शनिवारी दुपारी आम्ही दोघी पाव घ्यायला गेलो, तर बेकरीवाल्याने आमच्या तोंडावर शटर ओढलं होतं. तस्नीमने काचेवर टकटक केलं तर त्याने पाठ फिरवली.

मी म्हटलं, "खरं आहे. मी घेतला."

"गरम होता?" मरियमबीने विचारलं.

"हातात धरवत नव्हता."

"आणि परक्याला आधी?"

"आधी मला दिला. मग तस्नीमला. मग तिथल्या लोकांना."

मरियमबीने सुनेकडे बघितलं. "बघ!" सायमाने खांदे उडवले. मग त्यांतली एक म्हणाली, आपल्याकडचे बेकरीवाले बघा, शिळा देतात आणि वर हसतात, आणि सगळ्या त्यावर बोलायला लागल्या. मी चहा करायला उठले. दूध उतू गेलं, कारण डोळ्यांसमोर धूसर झालं होतं. धूळ फार आहे. ओटा पुसला, पुन्हा दूध ठेवलं.

या दैनंदिनीत मी आजवर झालं तेच लिहीत आले. तेव्हा रीतसर नोंद करते. बोलोन्या शहरात दुपारची घंटा झाली की बेकरीवाले दारात येऊन उभे राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला गरम पाव देतात. परक्या माणसाला आधी.

तय्यब : बरोबर.